रंग कोण ठरवतो?

आमच्या युनियनच्या जुन्या रंगीत फोटोंत उन्हात रापलेल्या सभासदांचे चेहरे अंधारात बुडालेले दिसतात. दोष उन्हाचा, असे आम्ही समजत होतो. इतिहास वाचला, तेव्हा उलगडा झाला.

१८६१ च्या मे महिन्यात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात मॅक्सवेल यांनी लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशातील तीन चित्रे पडद्यावर एकत्र पाडून रंग दाखवले. पुढे फिल्म आली. कोडॅकच्या नमुनापत्रांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा प्रमाण धरला गेला. सावळे चेहरे काळवंडले.

मग फिल्मच्या जागी सेन्सर आला. त्याला प्रकाशाचे मान कळते, रंग कळत नाही. म्हणून कोडॅकमधील ब्राइस बायर यांनी त्यावर रंगीत चौकटींची जाळी योजली: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. तिचे पेटंट १९७६ चे. प्रत्येक बिंदूवर एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरतात. आजच्या स्वस्त मिररलेस कॅमेऱ्यांतही बहुधा हीच जाळी असते. कातडीचा रंग कसा उमटावा, हेही पुढच्या हिशेबातच ठरते.

हा हिशेब माणसेच बसवतात. तेव्हा प्रमाण म्हणून कोणाचा चेहरा धरला, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे.