मंजिष्ठेचे मूळ

लोणावळा-खंडाळ्याच्या रानात पावसाळा सरता सरता झुडपांवर चढलेली एक वेल दिसते. खोड चौकोनी, पाने चार-चारच्या वलयात, आणि अंगावर असे बारीक आकडे की धोतराचा सोगा हटकून अडकावा. हीच मंजिष्ठा. वर पाहणाऱ्याला तिच्यात विशेष काही आढळत नाही. तिचे वैभव जमिनीखाली आहे. तिची बारीक मुळे तांबडी असतात, आणि या तांबडेपणाने एके काळी युरोपातल्या पंडितांनाही कोड्यात टाकले होते.

आपल्या रंगाऱ्यांना त्यात कोडे असे नव्हतेच. कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढावे, मग तुरटीत बुडवावे आणि शेवटी मुळांच्या काढ्यात उकळावे, म्हणजे रंग धुपत नाही, हे त्यांना परंपरेने ठाऊक होते. तुरटी का लागते, हे मात्र त्यांना कोणी विचारले नाही.

१८३५ साली रुंगे या जर्मन रसायनज्ञाने असे अनुमान काढले की, फ्रान्समधील उत्तम मॅडरच्या मुळापेक्षा मंजिष्ठेत दुप्पट रंग आहे. रंगशाळांतील अनुभव मात्र याच्या उलट होता. हा विरोध उलगडला तो लंडनच्या जॉन स्टेनहाउस यांनी, १८६३ च्या सुमारास. त्यांनी मुळांची पूड ॲल्युमिनियम सल्फेटच्या पाण्यात पुनःपुन्हा उकळली, तांबड्या द्रवात आम्ल घालून साका खाली बसवला आणि तो कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळवला. मग उकळत्या सौम्य ॲसिटिक आम्लाने दोन भावंडे वेगळी केली: एक त्यात विरघळले, दुसरे जवळजवळ तसेच राहिले. न विरघळणारे ते पर्प्युरिन, मॅडरमध्ये पूर्वीच सापडलेले. विरघळणारे नारिंगी द्रव्य नवे होते. त्याला त्यांनी नाव दिले मंजिस्टिन! मॅडरचे मुख्य रंगद्रव्य जे अलिझरीन, ते त्यांना मिळाले नाही. रंग पुष्कळ, पण त्यातला बराचसा फिका. रुंगेच्या हिशेबातली मेख ती हीच.

ही सारी द्रव्ये अँथ्राक्विनोनच्या सांगाड्यावरची फिनॉले आहेत. त्यांतील ऑक्सिजनयुक्त गट तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरून ठेवतात, ॲल्युमिनियम धाग्याला धरतो, आणि रंग पक्का होतो. रंगाऱ्याच्या तुरटीचे उत्तर हे असे.

खानदेश-वऱ्हाडात लागवड होणाऱ्या आलाची कथाही याच जातीची. 'सुरंजी' नावाने ग्लासगोला गेलेली तिची मुळे तेथील रंगाऱ्यांनी नेहमीच्या पद्धतीने वापरून पाहिली आणि निरुपयोगी ठरवली. १८४९ मध्ये टॉमस अँडरसन यांनी त्यांतून मोरिंडिन वेगळे केले आणि दाखवून दिले की, तेल-तुरटीने सिद्ध केलेल्या कापडावर हा रंग उत्तम चढतो. दोष मुळाचा नव्हता, रीतीचा होता. आणि रीत तर आपल्या घरची होती!

परंतु ओळख पटणे हेच या मुळांच्या मुळावर आले. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातील अँथ्रासिनपासून अलिझरीन बनवले. इंग्लंडमध्ये पर्किन यांच्या कारखान्यातून १८६९ साली एक टन, तर १८७१ साली २२० टन माल निघाला. फ्रान्समधली मॅडरची शेते ओसाड पडली, आणि आपल्याकडील आलही हळूहळू हटला. रेणूची रचना कळली, तेव्हा वेलीची गरज उरली नाही.

पुढे हा अभ्यास पुण्यात आला. पाषाण येथे १९५० मध्ये उघडलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद १९५७ मध्ये के. वेंकटरामन यांनी स्वीकारले. कृत्रिम रंगांवरील त्यांचा ग्रंथ जगभर मान्य होता. तरी लाखेच्या आणि फणसवर्गीय झाडांच्या नैसर्गिक रंगद्रव्यांचा शोध त्यांच्याच सहकाऱ्यांनी येथे घेतला.

मंजिष्ठा आज बाजारात औषधी म्हणून विकली जाते. औषधासाठी मूळच खणावे लागते, आणि मूळ गेले की वेल गेली. तिचा रंग आपण कारखान्यात करू शकतो, तिची वेल करू शकत नाही. परभाषेतल्या रसायनग्रंथांत 'मंजिस्टिन' हे आपल्या मातीतले नाव कायमचे राहील. सह्याद्रीच्या रानात ते नाव धारण करणारी वेलही राहावी, एवढेच.