चर्चा पान (विकिपीडिया)

विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशातील लेखाला जोडून असलेल्या ज्या पानावर त्या लेखातील मजकुराविषयी शंका, आक्षेप, दुरुस्त्या व सूचना नोंदविल्या जातात, त्यास चर्चा पान असे म्हणतात. लेखाच्या माथ्यावरील 'चर्चा' या दुव्यावरून तेथे जाता येते. पानावर अद्याप कोणी काहीच लिहिले नसल्यास हा दुवा लाल रंगात दिसतो. चर्चा पानावरील मजकूर हा ज्ञानकोशाचा भाग मानला जात नाही. मात्र लेखातील एखादे वाक्य आजच्या रूपात का आहे, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.

== पार्श्वभूमी ==

छापील ज्ञानकोशात वाचकाच्या अभिप्रायाला मर्यादित स्थान असते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश असो वा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथून सिद्ध झालेला मराठी विश्वकोश असो, चूक आढळल्यास वाचकाने संपादकांना पत्र लिहावे व पुढील आवृत्तीची किंवा शुद्धिपत्राची वाट पाहावी, एवढाच मार्ग होता. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव छापलेले असे, त्यामुळे जबाबदारी कोणाची हे निदान स्पष्ट होते.

आंतरजालावरील न्यूपीडिया या ज्ञानकोशाने इ.स. २००० मध्ये हीच तज्ज्ञ-परीक्षणाची पद्धत स्वीकारली. प्रत्येक लेख सात टप्प्यांतून जाई. इ.स. २००३ मध्ये तो प्रकल्प बंद झाला तेव्हा पूर्ण झालेले लेख सुमारे पंचवीस होते. त्याला पूरक म्हणून जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू केला. वॉर्ड कनिंगहॅम यांनी इ.स. १९९५ मध्ये सुरू केलेल्या विकीच्या तत्त्वावर तो आधारलेला होता. वाचकानेच पान दुरुस्त करावे, हे ते तत्त्व. परीक्षण आधी व प्रकाशन नंतर, हा क्रम येथे उलटा झाला. प्रकाशनानंतरचे परीक्षण कोठे करावयाचे, हा प्रश्न त्यातूनच उद्भवला.

आरंभी अशा टिप्पण्या लेखाच्या मजकुरातच किंवा त्याच्या उपपानावर लिहिल्या जात. जानेवारी २००२ मध्ये माग्नुस मान्स्के या जर्मन विद्यार्थ्याने लिहिलेली नवी संगणक-प्रणाली वापरात आली. तिच्यात लेख व चर्चा यांसाठी स्वतंत्र नामविश्वे होती. लेख आणि लेखाविषयीचे बोलणे यांची फारकत तेव्हापासून कायम झाली.

== स्वरूप व संकेत ==

चर्चा पान हेही इतर पानांप्रमाणेच संपादित करता येते व त्याचाही इतिहास जतन होतो. नोंदणी न केलेल्या वाचकासही तेथे लिहिण्याची मुभा असते. नवा विषय पानाच्या तळाशी स्वतंत्र मथळ्याखाली मांडावा, उत्तर किंचित आत सरकवून लिहावे आणि टिप्पणीच्या शेवटी चार नागमोडी चिन्हे टंकून सही करावी, असे संकेत आहेत. या चिन्हांच्या जागी सदस्याचे नाव, वेळ व दिनांक आपोआप उमटतात. लेखात मात्र कोणीही सही करीत नाही. ज्ञानकोशातील मजकूर कोणा एकाच्या मालकीचा नसतो, मत मात्र ज्याचे त्याने स्वतःच्या नावावर वागवावे, असा या भेदाचा अर्थ आहे.

दुसऱ्याने लिहिलेली टिप्पणी बदलणे किंवा खोडणे अनुचित समजले जाते. स्वतःचेच म्हणणे मागे घ्यावयाचे असल्यास त्यावर काट मारण्याची रीत आहे. पान लांबल्यास जुन्या चर्चा पुसून न टाकता संग्रह-पानांत हलविल्या जातात.

चर्चा लेखाच्या विषयावर नव्हे, तर लेखाच्या मजकुरावर अपेक्षित असते. नवागतांची येथे हटकून गल्लत होते. एखाद्या किल्ल्याच्या लेखाच्या चर्चा पानावर त्या किल्ल्याचे माहात्म्य सांगणे अस्थानी ठरते. तो किल्ला अमुक साली बांधला या विधानास आधार काय, असे विचारणे मात्र रास्त ठरते. 'लेख चुकीचा आहे' एवढीच नोंद कोणाच्याही उपयोगी पडत नाही. वाक्य कोणते, त्यात खटकते काय आणि योग्य माहिती कोणत्या प्रकाशित ग्रंथात मिळते, या तीन गोष्टी सांगितल्यास अनोळखी संपादकही दुरुस्ती करू शकतो. वही तपासताना केवळ लाल फुली मारणे आणि समासात चूक दाखवून देणे, यांतील फरकासारखाच हा फरक आहे.

एकमेकांचे बदल वारंवार उलटविले जाऊ लागल्यास त्यास संपादन-युद्ध म्हणतात. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावरील बदल चोवीस तासांत तीनपेक्षा अधिक वेळा उलटविण्यास मनाई आहे. अशा वेळी दोन्ही पक्षांना चर्चा पानाकडे वळविले जाते. निर्णय शक्यतो मतगणनेने न घेता सहमतीने घ्यावा, असा दंडक आहे.

== उल्लेखनीय वाद ==

पोलंडमधील ग्दान्स्क या शहराचे जर्मन नाव डान्सिग. लेखात कोणते नाव वापरावे यावरून इंग्रजी विकिपीडियावर दीर्घ काळ संपादन-युद्ध चालले. अखेर इ.स. २००५ मध्ये अपवाद म्हणून मतदान घेण्यात आले व इ.स. १३०८ ते १९४५ या कालखंडासाठी डान्सिग, त्याआधी व त्यानंतर ग्दान्स्क, असा कालानुरूप तोडगा निघाला.

चर्चा होत नाही तेव्हा काय घडते, हे जॉन सिगेनथॅलर प्रकरणातून दिसून आले. या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रलेखात मे २००५ मध्ये एका अनामिकाने केनेडी बंधूंच्या हत्यांशी त्यांचा संबंध जोडणारे धादांत खोटे विधान घातले. ते सुमारे चार महिने तसेच राहिले. लेख सर्वांना खुला होता व दुरुस्तीही कोणासही करता आली असती. परंतु त्या पानावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. सिगेनथॅलर यांनी नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रातून हे प्रकरण उघड केले. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न केलेल्यांना नवे लेख निर्माण करण्यास बंदी झाली आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कठोर धोरण आखले गेले. निराधार व बदनामीकारक मजकूर आता चर्चेची वाट न पाहता काढला जातो. चर्चा पानावरील अशा मजकुरालाही हाच नियम लागू आहे.

याच्या उलट स्वरूपाचे प्रकरण कादंबरीकार फिलिप रॉथ यांचे. त्यांच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीच्या प्रेरणेविषयी विकिपीडियातील लेखात असलेले विधान चुकीचे आहे, असे खुद्द लेखकाने कळविले असता त्यांच्याकडे अन्य प्रकाशित आधार मागण्यात आला. रॉथ यांनी सप्टेंबर २०१२ मध्ये 'द न्यू यॉर्कर' या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर विकिपीडियास उद्देशून अनावृत पत्र लिहिले. ते पत्र प्रकाशित होताच तोच आधार ठरला व लेखात त्यांच्या म्हणण्याची नोंद झाली. पडताळणीच्या तत्त्वाला हे धरूनच झाले, तरी एका वयोवृद्ध लेखकाला स्वतःच्या पुस्तकाविषयी दाखला आणावयास सांगणे अनेकांना रुचले नाही.

== अभिप्राय साधनाचा प्रयोग ==

चर्चा पानाचे संकेत सामान्य वाचकास अवघड वाटतात, हे ध्यानात घेऊन विकिमीडिया फाउंडेशनने इ.स. २०१० मध्ये इंग्रजी विकिपीडियावर अभिप्राय साधनाची चाचणी सुरू केली. लेखाच्या तळाशी विश्वासार्हता, तटस्थता, परिपूर्णता व लेखनशैली या चार निकषांवर वाचकाने तारे द्यावेत, अशी योजना होती. मात्र दोन तारे मिळालेल्या लेखात नेमके काय सुधारावे, हे ताऱ्यांवरून कळत नसे. पुढील आवृत्तीत म्हणून तारे काढून टाकून, हवी ती माहिती मिळाली काय, असा प्रश्न व लिहिण्यासाठी एक चौकट देण्यात आली.

अभिप्रायांचा पूर आला. त्यांतील काही खरोखर उपयुक्त होते. पण पुष्कळसे निरर्थक, काही तर शिवीगाळीचे. ते निवडण्याचे काम स्वयंसेवकांवरच पडले आणि ज्यांनी लेख लिहावयाचे ते अभिप्राय चाळीत बसले. चर्चा पानावर विचारणारा व उत्तर देणारा समोरासमोर येतात, येथे तसे नव्हते. अभिप्राय देणारा निघून गेलेला असे. संपादकांचे मत विरोधात गेल्यावर मार्च २०१४ मध्ये हे साधन बंद करण्यात आले.

== मराठी विकिपीडियावर ==

मराठी विकिपीडियाची सुरुवात १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी झाली. तेथील परिभाषा बरीचशी घरगुती आहे. सर्वसाधारण चर्चेच्या पानास 'चावडी', सरावाच्या पानास 'धूळपाटी' व यंत्रवत संपादने करणाऱ्या आज्ञावलीस 'सांगकाम्या' म्हणतात. चावडी हा शब्द विशेष समर्पक होय. गावचे तंटे व वसुली जेथे सर्वांसमक्ष होई, ती जागा.

मराठीतील वादविषय इंग्रजीहून काहीसे वेगळे आहेत. परकीय विशेषनामे इंग्रजी उच्चारानुसार लिहावीत की मूळ भाषेच्या, ऱ्हस्व-दीर्घाबाबत इ.स. १९६२ चे नियम पाळावेत की जुन्या ग्रंथातील लेखन राखावे, तांत्रिक संज्ञेस प्रचलित इंग्रजी शब्द घ्यावा की नवा मराठी शब्द घडवावा, असे प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतात. त्यांपैकी काहींना एकच एक उत्तर नाही, व नसावेही. निवडलेले रूप लेखात शेवटपर्यंत एकसारखे वापरावे आणि पर्यायी रूपावरून पुनर्निर्देशन द्यावे, ही व्यवहार्य वाट होय.

मोठी अडचण वादांची नसून शांततेची आहे. असंख्य लेखांचा चर्चा-दुवा लालच असतो. एखाद्या संताच्या किंवा गावाच्या लेखाखाली कोणी जाणकार सन चुकल्याचे कळवितो, आणि त्या पानावर कोणाचेच लक्ष नसल्याने नोंद वर्षानुवर्षे अनुत्तरित राहू शकते. अशी शंका चावडीवर पुन्हा मांडल्यास किंवा लेखाच्या इतिहासात दिसणाऱ्या सक्रिय सदस्याच्या चर्चा पानावर कळविल्यास तिची दखल घेतली जाण्याचा संभव अधिक असतो. लेखातील संबंधित वाक्यापुढे 'संदर्भ हवा' हा साचा लावण्याचाही पर्याय आहे. त्यामुळे चर्चा पान न उघडणाऱ्या वाचकासही ते विधान अद्याप तपासले जावयाचे आहे, हे समजते.