शब्दरक्षणाचे दोन मार्ग : महानुभाव व वारकरी परंपरा

पारंपरिक अध्यात्माचा आजच्या जीवनाशी संबंध काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा मनःशांती, सदाचार किंवा समता या शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. ज्या शब्दांच्या द्वारा हे अध्यात्म आपल्यापर्यंत पोचले, ते शब्द परंपरेने कसे राखले, याचा विचार त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात महानुभाव व वारकरी या दोन परंपरांतील पाठरक्षणाचा इतिहास पाहून, आजच्या वाचकावर त्यामुळे कोणते दायित्व येते, एवढ्याच मुद्द्याचा विचार करावयाचा आहे.

म्हाइंभटांनी इ. स. १२७८ च्या सुमारास ऋद्धिपूर येथे लीळाचरित्राची रचना केली. ज्यांनी श्रीचक्रधरस्वामींस प्रत्यक्ष पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी आठवणी मिळविल्या आणि नागदेवाचार्यांकडून त्या पारखून घेतल्या. एकाच प्रसंगाविषयी साक्षींत फरक पडल्यास भिन्न पाठ नोंदवून ठेवण्याची प्रथा पंथात रूढ झाली. अशा पाठभेदास ‘वासना’ ही संज्ञा आहे. दर्शनशास्त्रात वासना म्हणजे अनुभवाचा मनावर मागे राहिलेला संस्कार. आठवण हाही एक संस्कारच होय, आणि दोन मनांवर तो सारखाच उमटेल असे नाही, ही जाण या संज्ञेच्या योजनेत मला दिसते. साक्ष देणाऱ्याविषयी आदर आणि सत्याविषयी सावधपणा या दोन्ही वृत्ती येथे एकत्र नांदतात.

भाषेच्या बाबतीतही या पंथाची भूमिका स्पष्ट होती. केशिराजबासांनी संस्कृतात लिहू नये, कारण त्यायोगे पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांस सांगितल्याची नोंद स्मृतिस्थळात आहे. परंतु सर्वांना कळावे म्हणून मराठीत रचलेले हे वाङ्मय पुढे चौदाव्या शतकात सांकेतिक लिप्यांत बंदिस्त झाले. सकळ ही त्यांतील प्रमुख लिपी. तिच्यात वर्णांच्या जागी ठरावीक निराळी चिन्हे योजिलेली असतात. या कुलपामुळे परक्या हातांचे फेरफार पुष्कळसे टळले; पण पंथाविषयीचे गैरसमजही वाढले, आणि मराठी गद्याचा एक फार मोठा ठेवा शतकानुशतके इतर मराठी वाचकांपासून दूर राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते आदी अभ्यासकांच्या परिश्रमांनी हे ग्रंथ प्रकाशात आले आणि मराठी गद्याचा प्रारंभ नव्याने मांडावा लागला.

वारकरी परंपरेचा मार्ग याच्या उलट होता. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी पठणात व श्रवणात राहिली, हातोहात नकलली गेली, आणि म्हणूनच बदलतही गेली. पैठणच्या एकनाथांनी इ. स. १५८४ मध्ये तिची प्रत शुद्ध केली. मूळ ग्रंथ निर्दोषच होता, दोष शिरले ते पाठांतरात, अशी त्यांची भूमिका होती; आणि ग्रंथात आपली ओवी घालणाऱ्यास त्यांनी कठोर शब्दांत वारले. स्वतः समर्थ कवी असलेल्या पुरुषाने दुसऱ्याच्या ग्रंथापुढे पाळलेला हा संयम साधनेचाच भाग मानला पाहिजे. मात्र कोणत्या प्रती पाहिल्या, कोणते पाठ टाकले, हे त्यांनी नोंदवून ठेवले नाही. त्यामुळे यादवकालीन रूपे शोधणाऱ्या भाषाभ्यासकास त्यांच्या प्रतीच्या मागे जाणे कठीण होते. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी हा असा मागे जाण्याचाच प्रयत्न होता. त्यांच्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी विद्वानांत मतभेद आहेत.

या दोन मार्गांचे लाभ व तोटे एकमेकांच्या उलट आहेत. एकाने शब्दाचे रूप राखले, पण वाचक मर्यादित केले. दुसऱ्याने वाचक राखले, पण रूप बदलू दिले. तथापि हा भेद आत्यंतिक मानू नये. लीळाचरित्राचेही अनेक पाठ आहेत, आणि ज्ञानेश्वरीलाही एकनाथांसारखा दक्ष संशोधक लाभला. ऐकलेले किंवा लिहून ठेवलेले वचन ही आपली मालमत्ता नव्हे, ही जाणीव दोन्ही परंपरांस समान आहे.

आजच्या जीवनाशी असलेला संबंध येथेच सापडतो. संतांच्या नावावर वाटेल ते वचन क्षणार्धात दूरध्वनीवरून हजारो लोकांकडे जाते. त्यात ज्ञानेश्वरांच्या मुखी ‘फक्त’ किंवा ‘हजर’ असे अरबीतून आलेले शब्द घातलेले असले, तरी पाठविणारा थबकत नाही. अशा वचनातील उपदेश चांगला आहे, हे समर्थन पुरेसे नाही. चांगल्या हेतूने घातलेली पदरची ओवीच एकनाथांनी निषिद्ध मानली होती.

२०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ज्या प्राचीन ग्रंथांच्या बळावर तो मिळाला, त्यांच्या पोथ्यांचे छायांकन आज सुलभ आहे. एकनाथांची सर्वांसाठी खुली प्रत आणि महानुभावांची पाठभेद जपणारी नोंद या दोहोंचा मेळ घालणे त्यायोगे शक्य झाले आहे. तो घालावयाचा, तर पोथी वाचू शकणारे विद्यार्थी तयार व्हावयास हवेत. आणि लिपी शिकण्याबरोबरच, न पटणारा पाठही टाकून न देता टिपून ठेवण्याची शिस्त त्यांनी अंगी बाणविली पाहिजे.