भिंतीवरचे अस्सल

१३ ऑक्टोबर २०१३. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ चित्रे मांडून बसले होते. भाव साठ डॉलर. पहिले गिऱ्हाईक येईतो दुपारचे साडेतीन वाजले. त्या बाईंनी घासाघीस करून मुलांसाठी दोन लहान चित्रे निम्म्या किमतीत नेली. दिवसाचा गल्ला ४२० डॉलर. मागाहून जाहीर झाले, की चित्रे ब्रिटिश भित्तिचित्रकार बँक्सीची होती, सहीनिशी. पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या काहीजणांनी त्याच भावाने नकला मांडल्या, त्या नकला असल्याचे उघड सांगून. चाळीसच्या चाळीस तासाभरात संपल्या.

या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हे दोन दिवस सांगतो. अस्सलपणा कलावंताच्या हातात असतो असे आपण धरून चालतो. बाजार मात्र त्या हाताबद्दलच्या ग्वाहीला पैसे मोजतो.

ही ग्वाही २००८ पासून ‘पेस्ट कंट्रोल’ ही बँक्सीचीच संस्था देते. तिच्या दाखल्याला एका नोटेचा फाडलेला अर्धा तुकडा टाचलेला असतो. नोट दहा पौंडांची, पण राणीच्या जागी राजकुमारी डायानाचा चेहरा असलेली, बँक्सीनेच छापलेली. उरलेला अर्धा भाग संस्थेकडे. तुकडे जुळले तर चित्र खरे. खोट्या नोटेने खरेपणा सिद्ध करण्याची ही युक्ती मला त्याच्या कितीतरी चित्रांहून मोलाची वाटते.

बँक्सीची रस्त्यावरची चित्रे विक्रीसाठी नसतात, म्हणून त्यांना मात्र हा दाखला मिळत नाही. उत्तर लंडनमधल्या वूड ग्रीनच्या एका दुकानाच्या भिंतीवर २०१२ मध्ये, शिवणयंत्रावर ब्रिटिश झेंड्यांची माळ शिवणारा मुलगा उमटला. २०१३ च्या फेब्रुवारीत भिंतीचा तो भाग कापून नेलेला दिसला आणि चित्र थेट मायामीच्या लिलावात निघाले. वस्तीतल्या लोकांनी ओरड केली तेव्हा तो लिलाव थांबला, तरी पुढे ते विकले गेलेच. भिंत मालकाची असेल. पण ते चित्र ज्या रस्त्याला उद्देशून होते, त्या रस्त्यावाचून ते अर्धेच उरते, असे माझे ठाम मत आहे. या संग्रहातल्या काही लेखकांना ते मान्य नाही. त्यांचे लेख आवर्जून वाचावेत.

वाचकहो, पहिला लेख उघडण्याआधी जवळच्या एखाद्या रंगवलेल्या भिंतीपाशी दहा मिनिटे उभे राहा. सुटलेले पोपडे पाहा, समोरून जाणारी माणसे पाहा. मग आत या.