फितीवरचे आकाश

बंगळुरू शहराच्या उत्तरेस येलहंका नावाचे गाव आहे. आता ते शहरातच सामावून गेले असले, तरी वयाने ते शहराहून वडील. 1537 साली बंगळूर वसविणारे केंपेगौडा हे मूळचे येलहंक्याचे नाडप्रभू. पुढे 1638 साली विजापूरच्या फौजांनी बंगळूर जिंकले, तेथील जहागीर शहाजीराजांकडे आली आणि त्या भूमीशी मराठी माणसाचे नाते जडले. या येलहंक्याच्या हवाई दलाच्या तळावर 1996 सालापासून, साधारणतः दर दोन वर्षांनी, विमानांचे मोठे प्रदर्शन भरते. त्या दिवसांत माणसांच्या माना आकाशाकडे वळलेल्या असतात आणि माणसांइतकेच कॅमेरेही वर रोखलेले असतात.

श्रोतेहो, आज मला बोलायचे आहे ते त्या विमानांविषयी नव्हे, तर त्यांचे चित्र टिपून घरी आणणाऱ्या माणसाविषयी. त्यातही, कॅमेऱ्याच्या फितीवरील चित्र संगणकावर उतरवून घेण्याच्या एका अल्पायुषी विद्येविषयी. विषय वरवर यंत्रांचा वाटेल. पण त्याचे मूळ आपल्या जुन्या परिचयाचे आहे.

हलते चित्र टिपण्याचा नाद मराठी माणसाला फार लवकर लागला. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखविली गेली. त्या नवलाने भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागविला आणि 1899 साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. ती फीत धुऊन घेण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. 1901 च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजचे यश घेऊन परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनी केले. आज ती कुस्ती आपल्याला पाहता येत नाही आणि ते स्वागतही पाहता येत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या 1913 मधील ‘राजा हरिश्चंद्र’चीही तीच कथा, त्याचा थोडासाच भाग हाती उरला आहे. चित्र टिपणारा मिळाला, पण ते जपण्याची व्यवस्था वेळेवर उभी राहिली नाही.

सावेदादांपासून शतक उलटले आणि कॅमेरा तळहातावर आला. 2003 साली कॅनन, सोनी, जेव्हीसी आणि शार्प या चार कंपन्यांनी ‘एचडीव्ही’ नावाची पद्धती जाहीर केली. त्यापूर्वी घरगुती कॅमेऱ्यातील चित्र आपल्याकडे 576 ओळींचे असे. ते आता 1080 ओळींचे झाले. गंमत अशी की, फीत मात्र जुनीच राहिली. पाव इंच रुंदीची, काडेपेटीहून थोड्या मोठ्या डबीत मावणारी, तासाभराची फीत. दर सेकंदाला अडीच कोटी अंक तिच्यावर लिहिले जात, आणि तेवढ्याच जागेत कितीतरी अधिक तपशील बसवावयाचा होता.

हे साधले कसे? जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे नोंदले जाई. नव्या पद्धतीत बारा चित्रांचा एक गट करून त्यातील एकच चित्र संपूर्ण लिहिले जाऊ लागले; उरलेल्या अकरांची नोंद शेजारच्या चित्रांशी तुलना करून, जेवढा फरक तेवढीच. काटकसर मोठी खरी, पण तिची किंमतही होती. फितीवर धुळीचा एक कण बसला आणि ते संपूर्ण चित्र वाचता आले नाही, तर त्याच्या आधाराने उभा असलेला सारा गट कोसळे. सेकंदाला पंचवीस चित्रे या हिशेबाने जवळजवळ अर्धा सेकंद गोठून जाई. विमानाच्या कसरतीत अर्धा सेकंद म्हणजे बरेच काही.

दुसरी अडचण ओळींची. एचडीव्हीच्या प्रचलित प्रकारात चित्र एकदम टिपले जात नसे. आधी विषम ओळी आणि एक पन्नासांश सेकंदाने सम ओळी. ताशी 540 किलोमीटर वेगाने जाणारे विमान तेवढ्या अवकाशात तीन मीटर पुढे सरकलेले असते. जुन्या दूरचित्रवाणी संचावर हे जाणवत नसे. परंतु संगणकाच्या पडद्यावर दोन्ही भाग एकत्र दिसताच पंखांच्या कडांना फणीसारखे दाते फुटत.

आता उतरवून घेण्याची रीत पाहा. कॅमेरा आणि संगणक यांना ‘फायरवायर’ नावाच्या तारेने जोडावयाचे, फीत आरंभापासून लावावयाची आणि संगणकावरील संकलनाच्या आज्ञावलीला नोंद घेण्यास सांगून बसून राहावयाचे. तासाभराची फीत उतरण्यास तासच लागे. त्यात घाई चालत नसे. संगणक मध्येच अडखळला, तर तेवढा भाग गळे आणि फीत मागे नेऊन पुन्हा आरंभ करावा लागे. अखेर तासामागे सुमारे अकरा गिगाबाइटांची नोंद हाती येई. कॅमेऱ्यातच एक कळ अशी असे की, ती चुकून चालू राहिली तर उच्च प्रतीचे चित्र जुन्या, कमी ओळींच्या पद्धतीत रूपांतरित होऊन संगणकाकडे जाई. पडद्यावर चित्र तर दिसे. हरवले काय, हे पाहणाराच्या ध्यानातही येत नसे.

ही सारी खटपट पाहताना मला आपले जुने नकलकार आठवतात. छापखाना येण्यापूर्वी आपले ग्रंथ टिकले ते नकलांवर. एकाने पोथी लिहावी, दुसऱ्याने तिची प्रत करावी, आणि प्रतीच्या प्रतीत चुका साचत जाव्यात. म्हणूनच एकनाथांना 1584 साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध करावा लागला. व्हिडिओच्या जुन्या फितींचे असेच होते. लग्नाच्या फितीची प्रत, तिची पुन्हा प्रत, आणि तिसऱ्या पिढीत वधूवर ओळखू येईनासे होत. फायरवायरच्या तारेतून मात्र चित्र येत नसे, अंक येत. आणि नीट उतरलेले अंक मुळाबरहुकूम असत. पाठभेद शिरे तो त्यानंतर, जेव्हा आपण ते चित्र लहान करून चकतीवर चढवीत असू आणि मूळ नोंद जागा अडते म्हणून पुसून टाकीत असू.

2006 साली ‘एव्हीसीएचडी’ ही पद्धती आली, चित्रण स्मृतिपट्टीवर होऊ लागले आणि तासभर बसण्याची गरज सरली. परंतु एक गोष्ट निसटली. फीत उतरवून घेतल्यावरही मूळ साक्षीदार म्हणून कपाटात राही. पट्टी मात्र पुसून पुन्हा वापरली जाते. आता तर नव्या संगणकांना फायरवायरची खाच नसते, फिती वाचणारे कॅमेरे दुर्मीळ होत चालले आहेत आणि फितीवरील चुंबकीय थर वर्षागणिक क्षीण होतो आहे.

येलहंक्याच्या आकाशात सूर्यकिरण पथकाची नऊ विमाने एकेकाळी कसरती करीत. ती ‘किरण’ विमाने बंगळुरूतच घडविलेली. 2011 च्या प्रदर्शनानंतर त्यांच्या कसरती थांबल्या आणि पुढे पथक पुन्हा उभे राहिले ते ‘हॉक’ विमानांवर. 2005 किंवा 2007 साली कोणा हौशी माणसाने त्या किरण विमानांचे चित्रण केले असेल, तर ती फीत आज केवळ घरगुती ठेव राहिलेली नाही. ते इतिहासाचे साधन आहे. आणि त्याच फितीवर, विमानांच्या आधी किंवा नंतर, कदाचित एखाद्या आजीचा आवाजही असेल; ‘अरे, ते बघ, ते बघ!’ म्हणणारा. विमानांची चित्रणे इतरांपाशीही सापडतील. तो आवाज दुसऱ्या कोणापाशी नसणार.

सावेदादांच्या काळी चित्रे जपण्याची सोय नव्हती, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. आपल्याला ती सबब नाही. ज्यांच्या कपाटात अशी डबी आहे, त्यांनी चालू स्थितीतला कॅमेरा आणि खाच असलेला जुना संगणक कोठे मिळतो याचा शोध आजच घ्यावा, फीत तासभर शांतपणे उतरू द्यावी, मूळ नोंद जशीच्या तशी दोन ठिकाणी ठेवावी, आणि डबीवर साल व ठिकाण लिहावे. नकलकाराचा धर्म एवढाच आहे: जे हाती आले, ते न बिघडविता पुढच्याच्या हाती द्यावे.