तळटीप : ‘वारज्याची काळी माती’
* मुठेकाठची ही माती बेसॉल्टची झीज होऊन बनलेली. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, ते स्मेक्टाइट गटातल्या खनिजांमुळे. त्यांचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे आणि ऋणभारित. म्हणून धनभारित रंगद्रव्यांचे रेणू त्यांना चिकटतात. मेथिलीन ब्ल्यूच्या फिकट निळ्या पाण्यात मूठभर माती घोळून ठेवली, की वरचे पाणी निवळते, निळाई गाळात उतरते. प्रकाश शोषणारे रेणू बसवायला प्रकाशरसायनज्ञांना हवी ती हीच बैठक. रेणूंची दाटी झाली, तर शोषलेला प्रकाश बहुतांशी उष्णता होऊन वाया जातो. अंतर राखून बसले, तर ऊर्जा शेजारच्या रेणूकडे जाऊ शकते. जपानी संशोधकांनी पॉर्फिरिन या रंगद्रव्याचे रेणू असे सुटे बसवून दाखवले, पण कृत्रिम, लोहविरहित सॅपोनाइटवर (हेही स्मेक्टाइटच). आपल्या काळ्या मातीतले लोह स्वतःच प्रकाश गिळते. हा भेद मूळ लेखात राहून गेला आहे. – संपा.