नाम आणि उपचार : अज्ञातहेतुक फुप्फुसतंतुमयतेचा इतिहास

रोगाचे नाव ही केवळ सोयीची खूण होय, असा एक समज आहे. वैद्यकाचा इतिहास त्यास दुजोरा देत नाही. नावात पुष्कळदा एक गृहीतक दडलेले असते. ते उपचाराची दिशा ठरविते. आणि ते चुकीचे निघाल्यास त्याची झळ रुग्णास पोहोचते. इंग्रजीत ‘इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

या रोगात वायुकोशांच्या भोवतालच्या नाजूक ऊतकाची जागा वणासारखे तंतुमय ऊतक घेत जाते. फुप्फुस ताठर बनते आणि प्राणवायू रक्तात उतरणे कठीण होते. प्रारंभी चढण चढताना लागणारी धाप पुढे बसल्या जागीही लागते. जोडीला कोरडा खोकला असतो. रोग बहुधा साठीच्या सुमारास व त्यानंतर दिसतो, आणि स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळतो.

डब्लिनचे वैद्य डॉमिनिक कॉरिगन यांनी १८३८ मध्ये ‘फुप्फुसाचा सिरोसिस’ असा शब्दप्रयोग केला. हे नाव यकृताच्या रोगावरून उसने घेतलेले होते. पुढे बाल्टिमोर येथील लुई हॅमन आणि अर्नोल्ड रिच यांनी १९३५ मध्ये व अधिक विस्ताराने १९४४ मध्ये काही महिन्यांतच मृत्यूकडे नेणाऱ्या फुप्फुसतंतुमयतेचे वर्णन केले. त्यानंतर ‘हॅमन-रिच’ हे नाव वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या रोगासही सर्रास लावले जाऊ लागले. वस्तुतः त्यांचे रुग्ण निराळ्या, अतितीव्र रोगाचे होते. १९८६ मध्ये कॅट्झेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा तीव्र प्रकार स्वतंत्रपणे वर्णिल्यावर हा भेद स्पष्ट होत गेला. व्यक्तिनामावरून पडलेले नाव अर्थाने रिकामे असते. म्हणूनच ते कोणत्याही वस्तूस सहज चिकटते.

१९६० नंतर नामकरणाचे दोन मार्ग समोरासमोर आले. लंडनमधील जे. जी. स्कॅडिंग यांनी १९६४ मध्ये ‘फायब्रोसिंग ॲल्व्हिओलायटिस’ ही संज्ञा सुचविली. पुढे तिला ‘क्रिप्टोजेनिक’, म्हणजे गूढमूल, हे विशेषण जोडले गेले आणि ब्रिटनमध्ये ती दीर्घकाळ रूढ राहिली. अमेरिकेत ॲव्हेरिल लीबो आणि चार्ल्स कॅरिंग्टन यांनी १९६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून पाच प्रकार वेगळे केले. त्यांतील सर्वांत सामान्य तो ‘यूज्वल’, म्हणजे नेहमीचा प्रकार. पहिल्या संज्ञेत रोगाचे स्वरूप सांगितलेले होते, दुसऱ्या पद्धतीत केवळ त्याचे रूप.

‘ॲल्व्हिओलायटिस’ या शब्दातील ‘आयटिस’ हा प्रत्यय दाहाचा वाचक आहे. प्रथम दाह, मग त्यातून तंतुमयता, हा कार्यकारणसंबंध त्या काळी सर्वमान्य होता आणि संज्ञेने तो जणू पक्का केला. दाह असेल तर दाहशामक हवे, हे ओघानेच आले. स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ उपचाराचा आधार राहिली. १९९१ मध्ये अवघ्या २७ रुग्णांवरील एका चाचणीने ॲझाथायोप्रीनची जोड देण्यास बळ दिले. २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मतैक्यपत्रानेही, पुरावा तोकडा असल्याचे मान्य करून, तशाच संयुक्त उपचाराची वाट दाखविली.

तरीही काही रुग्ण स्टेरॉइडने सुधारत, हा अनुभव खोटा नव्हता. त्याचा उलगडा १९९४ मध्ये होऊ लागला. कॅट्झेनस्टाइन आणि फिओरेली यांनी ‘नॉनस्पेसिफिक’ नावाचा, तुलनेने सौम्य व उपचारास दाद देणारा प्रकार वेगळा काढला. १९९८ मध्ये मेयो क्लिनिकमधील अभ्यासात ‘नेहमीच्या’ प्रकारातील रुग्णांचे मध्यम आयुर्मान निदानानंतर २.८ वर्षे आढळले. अन्य प्रकारांत ते बरेच अधिक होते. म्हणजे एका नावाखाली अनेक रोग एकत्र बांधले गेले होते आणि एकाच्या सुधारणेचे श्रेय दुसऱ्याच्या उपचारास मिळत होते. २००० च्या मतैक्यपत्राने हे नाव ‘नेहमीच्या’ रचनेपुरतेच मर्यादित केले. २००१ मध्ये सेल्मन, किंग आणि पार्डो यांनी असे प्रतिपादन केले की, रोगाचे मूळ दाहात नसून वायुकोशांच्या अस्तरास वारंवार होणाऱ्या इजेत व ती भरून येण्याच्या बिघडलेल्या क्रियेत आहे.

निर्णायक पुरावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पँथर’ या अमेरिकन चाचणीत प्रेड्निसोन, ॲझाथायोप्रीन व एन-ॲसिटिलसिस्टीन एकत्र घेणाऱ्या ७७ रुग्णांपैकी ८ दगावले. निरौषध गोळी घेणाऱ्या ७८ पैकी १. चाचणीचा तो भाग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. रूढ उपचार निरुपयोगीच नव्हे, तर अपायकारक होता. २०१४ मध्ये पिरफेनिडोन आणि निन्टेडॅनिब या तंतुरोधक औषधांच्या चाचण्या यशस्वी ठरल्या. निन्टेडॅनिबच्या एका चाचणीत श्वासक्षमतेची वार्षिक घट २३९.९ मिलिलिटरऐवजी ११४.७ मिलिलिटर झाली. ही औषधे रोगाची गती मंदावितात. तो बरा करीत नाहीत. निवडक रुग्णांस फुप्फुसरोपणाचा मार्ग असतो. २०१२ पासून लिंग, वय व श्वासक्षमता यांवरून रोगाच्या भवितव्याचा अंदाज बांधणारी ‘गॅप’ ही गुणपद्धतीही उपलब्ध आहे.

उरतो प्रश्न ‘अज्ञातहेतुक’ या विशेषणाचा. धूम्रपान, धातूंची व लाकडाची धूळ यांच्याशी रोगाचा संबंध दिसला आहे. २००७ मध्ये टेलोमरेज या विकराच्या जनुकांतील दोष काही कुटुंबांत आढळले. २०११ मध्ये एमयूसी५बी जनुकातील एका भेदाचा रोगाशी निकट संबंध दिसून आला. भारतातील १,०८४ रुग्णांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदवहीत तर अज्ञातहेतुक तंतुमयता केवळ १३.७ टक्के होती; ४७.३ टक्के रुग्णांचा रोग श्वासावाटे जाणाऱ्या पदार्थांच्या अतिसंवेदनेचा ठरला. ज्याचे कारण शोधता येते, अशा रोगास ‘अज्ञातहेतुक’ म्हटले, तर कारण दूर करण्याची संधीच हुकते.

‘इडिओस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘स्वतःचा’ असा आहे. हेतू अज्ञात आहे, असे म्हणणे ही ज्ञानाची आजची सीमा होय. रोगाचा गुणधर्म नव्हे. हा भेद विसरला गेला की, नाव हेच स्पष्टीकरण वाटू लागते आणि रुग्णास विचारावयाचे प्रश्न तेथेच थांबतात.